लोखंड व काँक्रीट यांस रंग देण्यापूर्वींची तयारी

आपल्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांची अशी समजूत असते कीं, लोखंडी वस्तु गंजूं लागली म्हणजे बाजारांतून भारी किंमतीचा रंग आणावा, तिजवर दोन हात मारावे, कीं काम झालें. रंग लवकर सुटला तर दोष रंगाचा, दुकानदाराचा किंवा रंगाऱ्याचा, असें मानून पुढील वर्षीं त्याहूनहि महाग डबा आणला जातो. प्रस्तुत लेखाचा हेतु ही समजूत दूर करण्याचा आहे. रंगाचें आयुष्य डब्यांतील पदार्थापेक्षां, तो ज्या पृष्ठभागावर बसवावयाचा त्याच्या तयारीवर अधिक अवलंबून असतें. खाचराची चिखलणी नीट झाली नसेल, तर उत्तम जातीचें रोप लावूनहि पीक हातीं लागत नाहीं. रंगाची गोष्ट तशीच आहे.

हें मीं पुस्तकांत वाचून मग शिकलों असें नाहीं. आधीं नुकसान सोसलें आणि मग वाचलें. अंबरनाथच्या बुवापाड्याकडे आमचा गोठा आहे व त्यामागें तरंगत्या लोखंडी ड्रमाचें गोबर गॅस संयंत्र आहे. एके वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस, आभाळ भरूं लागलें असतां, घाईनें रंगारी बोलाविला. ड्रमावर शेणाचे ओघळ वाळलेले होते, जुना रंग जागोजाग फुगला होता, सांध्यांवर गंजाचे पापुद्रे होते. कोरड्या फडक्यानें पुसून त्यावरच रंग दिला. गौरी-गणपतीपर्यंत ड्रम नव्यासारखा दिसत होता. दसऱ्यास फोड दिसूं लागले, होळीच्या सुमारास रंगाच्या सालीच्या साली हातांत येऊं लागल्या आणि दुसऱ्या पावसाळ्यांत सांध्यापाशीं भोंक पडून गॅस जाऊं लागला. चूल बंद, ड्रम उतरविण्याची मजुरी, ठिगळ मारण्याचा खर्च आणि पुन्हां रंग, असा चौपट भुर्दंड पडला. रंगाऱ्यानें सांगितलेलें काम केलें. घाई माझी होती.

१. गंज कसा चढतो

लोखंडास गंज चढण्यास दोन गोष्टी लागतात: पाणी आणि हवेंतील प्राणवायु. या दोहोंस लोखंडापासून दूर ठेवणें हेंच रंगाचें काम होय. पाण्यांत मीठ किंवा आम्ल मिसळलेलें असेल, तर गंजाची गति पुष्कळ वाढते. आमच्या पट्ट्यांत पावसाळा जोराचा, समुद्राची खाडी फार दूर नाहीं आणि अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथें रासायनिक कारखाने आहेत. त्यांत गोठ्यांतील मूत, खताच्या पोत्यांतून सांडलेला अमोनियम सल्फेट व पोटॅशचा क्षार यांची भर पडते. शेणाच्या गॅसमध्यें सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायु असतो. तोहि लोखंडास बाधक आहे. सबब घाटावरील कोरड्या गांवीं जो रंग पांच वर्षें टिकतो, तो येथें तितका टिकेल अशी अपेक्षा करूं नये.

गंजाचा दुसरा गुण असा कीं, तो ज्या लोखंडापासून होतो त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो व तो सच्छिद्र असतो. रंगाखालीं राहिलेला गंज ओलावा धरून ठेवतो, वाढतो आणि वरचा रंग उचलून टाकतो. दिल्लीजवळील मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशें वर्षें उघड्यावर उभा आहे, मग आमचें लोखंड कां गंजतें, असें कोणी विचारतील. त्या स्तंभाच्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यानें त्यावर एक घट्ट व रक्षक थर तयार झाला, असें धातुशास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. आजच्या साध्या पोलादावर बसणारा गंज असा रक्षक नसतो.

२. लोखंडाची परीक्षा

काम हातीं घेण्यापूर्वीं लोखंड कोणत्या अवस्थेंत आहे तें पाहावें. पोलादाच्या रंगकामाकरितां स्वीडनमध्यें ज्या चित्रमय पायऱ्या ठरविल्या गेल्या, त्याच पुढें १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानकांत आल्या. त्यांत लोखंडाच्या चार अवस्था मानल्या आहेत. पहिली, गिरणींत लाटतांना धरलेली निळसर काळी खपली सर्वत्र घट्ट आहे व गंज जवळजवळ नाहीं. दुसरी, खपली सुटूं लागली असून गंजास आरंभ झाला आहे. तिसरी, खपली गेली असून तुरळक खड्डे पडले आहेत. चौथी, खड्डे सर्वत्र स्पष्ट दिसतात.

येथें एक फसवणूक होते. नव्या अँगलवरची किंवा पत्र्यावरची निळसर काळी खपली पाहून माल गंजरहित आहे असें वाटतें आणि तिजवरच रंग दिला जातो. परंतु ही खपली ठिसूळ असते. ऊन व थंडीनें तिला भेगा पडतात, भेगेंतून पाणी आंत शिरतें, आणि खपली व उघडें लोखंड यांच्यामध्यें विद्युत्-क्रिया सुरू होऊन भेगेच्या जागीं लोखंड झपाट्यानें खाल्लें जातें. म्हणून नवा माल आहे या कारणास्तव तयारी टाळूं नये.

३. लोखंड साफ करण्याचा क्रम

ह्या कामांत क्रमास फार महत्त्व आहे. पुष्कळ ठिकाणीं प्रथम घासतात व मग पुसतात. हा क्रम उलटा आहे. लोखंडावर तेल, वंगण किंवा शेणाचा चिकट थर असतांना घासलें, तर तो थर निघत नाहीं, उलट ब्रशाबरोबर सगळीकडे पसरून खड्ड्यांत बसतो. सबब क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा.

(अ) धुणें. शेण, माती व पक्ष्यांची विष्ठा लांकडाच्या पट्टीनें काढावी. मग गरम पाणी व धुण्याचा सोडा अथवा कपड्यांची भुकटी घेऊन काथ्याच्या ब्रशानें घासावें. वंगणाचे डाग टर्पेंटाइनच्या बोळ्यानें पुसावे. एकच बोळा पुनःपुन्हां वापरूं नये, कारण दुसऱ्यांदा तो तेल काढण्याऐवजीं पसरवितो. शेवटीं गोड्या पाण्यानें भरपूर धुवावें. खारट विहिरीचें पाणी या कामीं चालणार नाहीं. डोळ्यांस न दिसणारा क्षार खड्ड्यांत राहिला, तर तो रंगाच्या थरांतून पाणी आपल्याकडे ओढून घेतो व त्या जागीं पाण्यानें भरलेला फोड येतो.

(आ) खरवडणें. सुटे पापुद्रे हातोडीच्या हलक्या ठोक्यांनीं व पटाशीनें पाडावे. नंतर तारेच्या ब्रशानें घासावें, आणि शेवटीं घासकागद मारावा. विजेच्या ग्राइंडरास तारेचा ब्रश लावल्यास काम लवकर होतें, परंतु एकाच जागीं फार वेळ दाबून धरल्यास पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो आणि अशा जागीं रंग धरत नाहीं. घट्ट बसलेला जुना रंग काढण्याची गरज नाहीं. मात्र त्याची कड घासून उतरती करावी, नाहीं तर तेथूनच पाणी आंत शिरतें.

(इ) ब्लास्टिंग. दाबाच्या हवेनें कठीण कणांचा मारा करून लोखंड पांढुरकें होईपर्यंत साफ करणें, ही सर्वांत चांगली पद्धति होय. ह्या माऱ्यानें गंज व खपली निघून जातेच, शिवाय पृष्ठभागास बारीक खरखरीतपणा येतो. नेहमींच्या कामांत ही खोली ४० ते ७५ मायक्रॉन असते; हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. रंग याच खरखरीत दाण्यांत मुळें धरतो. इपॉक्सीसारखे भारी रंग द्यावयाचे असल्यास ही तयारी जवळजवळ आवश्यकच मानावी. केवळ हातानें घासलेल्या लोखंडावर ते आपला पूर्ण गुण दाखवीत नाहींत. एकट्या शेतकऱ्यास हें यंत्र परवडत नाहीं, परंतु नवा ड्रम किंवा शेडचा सांगाडा बनविण्याचे वेळींच कारखान्यांतून ब्लास्टिंग करून, त्याच दिवशीं अस्तर मारून आणल्यास खर्च फार वाढत नाहीं. पांच-सहा शेतकऱ्यांनीं मिळून काम दिल्यास तो आणखी कमी होतो.

(ई) कडा व सांधे. गंज बहुधा सपाट जागीं सुरू होत नाहीं. तो धारदार कडेवर, वेल्डिंगच्या सांध्यावर व बोल्टाखालीं सुरू होतो. धारेवरून ओला रंग ओघळून तेथें थर पातळ राहतो. म्हणून धारा कानसीनें बोथट कराव्या, वेल्डिंगचे उडालेले मणी छिन्नीनें काढावे, आणि सगळीकडे रंग देण्यापूर्वीं कडा, सांधे व बोल्ट यांवर ब्रशानें एक जादा हात मारून घ्यावा. आमचा ड्रम सांध्यावर फुटला याचें कारण हेंच होतें.

(उ) धूळ. घासून झाल्यावर मऊ ब्रशानें व कोरड्या स्वच्छ फडक्यानें धूळ झाडावी. धुळीवर दिलेला रंग लोखंडास न चिकटतां धुळीस चिकटतो.

खड्ड्यांतील गंज कितीहि घासला तरी पूर्ण निघत नाहीं. अशा ठिकाणीं फॉस्फोरिक आम्लाचें अथवा टॅनिक आम्लाचें तयार द्रावण लावतात. आपल्या सह्याद्रींतील हिरड्यांत टॅनिन असतें, आणि हिरडा व हिराकस यांपासून पूर्वीं काळी शाई करीत, हें जुन्या वाचकांस ठाऊक असेल. तीच क्रिया येथें घडते: गंजाचें काळ्या, स्थिर पदार्थांत रूपांतर होतें. परंतु हा उपाय खरवडण्याच्या ऐवजीं नसून खरवडल्यानंतरचा आहे. पापुद्र्यावर द्रावण ओतून आंतील गंज थांबत नाहीं.

४. जस्ताचे पत्रे

जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या पत्र्यावर तेलाचा रंग थेट देऊं नये. रंगांतील तेल व जस्त यांच्या संयोगानें पत्र्याच्या पृष्ठभागावर साबणासारखा पदार्थ तयार होतो व रंग सालीसारखा निघतो. पत्रा सोड्यानें धुवून, त्यावरील कारखान्याचें तेल काढून, जस्तासाठीं म्हणून मिळणारें खास अस्तर आधीं द्यावें. किंवा पत्रा एक पावसाळा उघडा ठेवून त्याची चकाकी गेल्यावर, धुवून मग रंग द्यावा. तारेच्या ब्रशानें जस्त मात्र खरवडूं नये. जस्त हाच तेथें मुख्य रक्षक आहे.

५. हवा व वेळ

थंड पाण्यानें भरलेल्या तांब्यास बाहेरून घाम सुटतो, हें आपण रोज पाहतों. हवेंतील वाफ थंड धातूवर पाणी होऊन बसते. पहाटे लोखंडावरहि असेंच पाणी असतें, कित्येकदां डोळ्यांस न दिसण्याइतकें पातळ. यासाठीं नियम असा आहे कीं, दंव पडण्याच्या तापमानाहून लोखंड निदान ३ अंश सेल्सिअस अधिक उष्ण असावें व हवेंतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आंत असावी. ज्यांच्यापाशीं मोजण्याचें साधन नाहीं, त्यांनीं ओल्या फडक्यानें लोखंडाचा एक तुकडा पुसावा. तो पातळ ओलावा सुमारें पाव तासांत सुकला, तर रंग देण्यास हरकत नाहीं.

आमच्या भागांत दिवाळीनंतर थंडी स्थिरावल्यापासून होळीपर्यंतचा काळ या कामास उत्तम. सकाळीं ऊन वर आल्यावर आरंभ करावा आणि सायंकाळीं दंव पडण्याच्या पुरेसें आधीं रंग सुकूं द्यावा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारीं लोखंड इतकें तापतें कीं रंग पसरण्यापूर्वींच सुकतो. तेव्हां सावली करून काम करावें. साफ केलेलें लोखंड रात्रभर तसेंच टाकूं नये. जेवढें चार तासांत रंगवून होईल तेवढेंच एका वेळीं साफ करावें. रात्रींत साफ जागेवर काळे-तांबूस ठिपके उठले, तर खड्ड्यांत क्षार राहिला आहे असें समजून पुन्हां धुवावें व घासावें.

६. काँक्रीटची तयारी

वालधुनीच्या कांठचें अंबरनाथचें शिवमंदिर काळ्या दगडाचें आहे. त्यावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे. दगडाचें हें आयुष्य पाहून काँक्रीटहि तसेंच चिरकाल टिकेल, असा भ्रम होतो. काँक्रीट दगडासारखें दिसतें, पण तें स्पंजाप्रमाणें सच्छिद्र आहे व त्याच्या पोटांत लोखंडी सळ्या आहेत.

नव्या काँक्रीटास निदान २८ दिवस होऊं द्यावे; तोंवर त्यांतील पाणी व तीव्र अल्क रंगास बाधक असतात. काँक्रीट ओततांना पाण्याबरोबर बारीक सिमेंट वर येऊन दुधावरील सायीसारखा एक कच्चा थर जमतो. चाकूनें खरडल्यास त्याची भुकटी निघते. या सायीवर दिलेला रंग सायीसकट उचलला जातो. ती तारेच्या ब्रशानें, घासणीच्या दगडानें अथवा यंत्रानें काढावी.

तयारी झाली कीं नाहीं हें पाहण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली पाण्याच्या थेंबाची. थेंब टाकला असतां तो लवकर शोषला जाऊन जागा काळवंडली, तर पृष्ठभाग उघडा आहे. थेंब मोत्यासारखा वरच राहिला, तर तेथें तेल, फळ्यांना लावलेलें वंगण अथवा साय शिल्लक आहे. दुसरी ओलाव्याची. दीड फूट लांब व तितकाच रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटपट्टीनें बसवून सोळा तास ठेवावा. कागदाच्या आंतल्या बाजूस पाण्याचे थेंब आले अथवा खालची जागा काळवंडली, तर रंगाचें काम पुढें ढकलावें. ओलाव्याचा उगम शोधून तो आधीं बंद करावा. पाठीमागून ढकलणाऱ्या पाण्यास रंग थोपवूं शकत नाहीं.

भिंतीस लोणा लागला असल्यास तो कोरडाच झाडून काढावा. लगेच पाणी मारल्यास क्षार विरघळून पुन्हां आंत जातो. खतांच्या कोठीची जमीन, गोठ्याची मोरी व मुरघासाचा खड्डा येथें आम्ल व क्षार यांनीं सिमेंट खाल्लें जाऊन खडी उघडी पडते. अशा ठिकाणीं कुजका भाग कठीण थर लागेपर्यंत छिन्नीनें काढून, धुवून, सुकवून, नवा गिलावा करावा, आणि तो पक्का झाल्यावरच रंगाचा विचार करावा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीस व जनावरांच्या कुंडास आंतून डांबरी रंग देऊं नये. पिण्याच्या पाण्यासाठीं म्हणून विकला जाणाराच लेप घ्यावा.

७. उघड्या पडलेल्या सळ्या

चांगलें काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतें व तोंवर आंतील सळ्या सुरक्षित राहतात. कालांतरानें हवेंतील कार्बन डायऑक्साइड आंत शिरून तो अल्क कमी करतो, किंवा क्षार आंत पोंचतो, आणि सळई गंजून फुगते. स्लॅबच्या तळास सळईच्या रेषेंत भेग दिसणें हें त्याचें पहिलें चिन्ह होय. त्या भेगेंत सिमेंट भरून वरून रंग देणें म्हणजे गळवावर फडकें बांधणें होय. सळईच्या पाठीमागें बोट जाईल इतकें काँक्रीट काढून, सळई सर्व बाजूंनीं घासून चकचकीत करून, तिला जस्ताचें अस्तर देऊन मग नवा गिलावा करावा. सळई पुष्कळ झिजली असल्यास जाणत्या अभियंत्यास दाखविल्यावांचून पुढें जाऊं नये.

आंतील गंज किती घातक असतो याचें उदाहरण गोमंतकांत आहे. पणजीजवळील मांडवी नदीवरचा पूल १९७० च्या सुमारास बांधला गेला आणि ५ जुलै १९८६ रोजीं कोसळला. त्यांतील ताणाच्या पोलादी तारा खाऱ्या हवेनें आंतल्या आंत गंजल्या होत्या. आमच्या शेजारीं उल्हासनगरांत मे २०२१ मध्यें एकाच महिन्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें दगावलीं. प्रत्येक अपघाताचीं कारणें निराळीं असतात, परंतु ज्यांच्या घराच्या, गोठ्याच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या स्लॅबमधून गंजाचे तांबडे ओघळ येत आहेत, त्यांनीं तिकडे दुर्लक्ष करूं नये.

८. सावधगिरी

जुन्या लोखंडी कामांस शेंदरी अस्तर देण्याची चाल होती. शेंदूर हें शिशाचें संयुग असून विषारी आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिसें दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा भारत सरकारचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. पण जुन्या फाटकांवर व यंत्रांवर पूर्वींचा रंग आहेच. असा रंग कोरडा घासूं नये. पाणी शिंपडून ओला खरवडावा, तोंडास मुखवटा बांधावा, आणि खरवड गोळा करून घ्यावी. गुरांस रंगाच्या खपल्या चाटण्याची खोड असते व शिशानें जनावर दगावतें. मुलें व गुरें तेथून दूर ठेवावीं.

ब्लास्टिंगसाठीं नदीची कोरडी वाळू वापरूं नये. तिच्या धुळीनें सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडतो. आम्ल पातळ करतांना नेहमीं पाण्यांत आम्ल ओतावें, आम्लांत पाणी कधींहि ओतूं नये. गॅसचा ड्रम रंगविण्यापूर्वीं तो खड्ड्यावरून उचलून बाहेर आणावा व दोन-तीन दिवस उघडा ठेवून हवेशीर होऊं द्यावा. त्यापूर्वीं वेल्डिंग किंवा विडी जवळ आणूं नये. शेणाच्या खड्ड्यांत अगर बंद टाकींत एकट्यानें उतरूं नये. आंतील वायूनें माणूस एका क्षणांत बेशुद्ध होतो आणि त्यास काढावयास उतरलेला दुसराहि प्राणास मुकतो.

९. खर्चाचा हिशेब

१.६ मीटर व्यासाचा व १ मीटर उंचीचा ड्रम घेऊं. त्याची बाजू सुमारें ५ चौरस मीटर, माथा २ चौरस मीटर, असे बाहेरून ७ व आंतून ७ मिळून १४ चौरस मीटर झाले. एका लिटरांत ८ चौरस मीटर रंगत असल्यास एका हातास पावणेदोन लिटर, व अस्तराचे दोन आणि वरचे दोन अशा चार हातांस ७ लिटर रंग लागतो. माझ्या अनुभवानें हा ड्रम धुवून व घासून तयार करण्यास दोन माणसांस दोन दिवस लागले. एक हात रंग देण्यास दोन तास पुरले. वेळेचें हें प्रमाण पाहून रंगारी तयारी आटोपती घेतो, आणि मालकहि त्यास घाई करतो. म्हणून मजुरी ठरवितांना ती रंगाच्या हातांवर न ठरवितां, तयारीचे दिवस वेगळे धरून ठरवावी, आणि लोखंड साफ झाल्यावर स्वतः पाहिल्याशिवाय डबा उघडूं देऊं नये.

दुसऱ्या खेपेस आम्हीं हा क्रम पाळला. मार्गशीर्षांत ड्रम उतरविला, धुतला, खरवडला, कडांना जादा हात दिला. त्यानंतर तीन पावसाळे झाले. दरवर्षीं दिवाळीनंतर एकदां ड्रम धुवून, जेथें ओरखडा दिसेल तेवढीच जागा घासून रंगवितों. अर्ध्या दिवसाचें काम आहे. सांधे अजून शाबूत आहेत व चूल पेटते आहे. आपल्यापैकीं ज्यांचीं फाटकें, पत्र्याच्या शेडी किंवा पाण्याच्या टाक्या यंदा रंगवावयाच्या असतील, त्यांनीं मे महिन्याची वाट न पाहतां, भात झोडून झाल्यावर हें काम हातीं घ्यावें, इतकीच विनंति आहे.